हापशापासून पुढे सर

आम्ही झरीला राहायचो आणि पप्पांची शाळा तिथून सहा किलोमीटर आत, डांबरी रस्ता संपल्यावर लागणाऱ्या एका लहान गावात होती. गावाच्या तोंडाशी एक हापसा होता. सकाळी मोटारसायकल तिथे आली की पप्पा वेग कमी करायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "इथून पुढं सर." संध्याकाळी परत येताना त्याच हापशाजवळ म्हणायचे, "हं, आता बोल." अडीच वर्षं हाच नियम होता. हापशाच्या अलीकडे ते माझे वडील, पलीकडे माझे वर्गशिक्षक.

मी त्या शाळेत शिकायला गेले असं म्हणायला जीभ रेटत नाही. झरीत मी चौथीपर्यंत शिकले होते, माझ्या मैत्रिणी तिथे होत्या, शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. पण पप्पांच्या शाळेचा पट कमी पडत होता. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि मग त्याला कुठल्या गावाला पाठवतील ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. उन्हाळ्यात शाळेतले शिक्षक घरोघर फिरून पोरं गोळा करत होते. तरी एक डोकं कमी पडलं, तेव्हा पप्पांनी माझं नाव घातलं. आईने विचारलं, "तिला विचारलं का?" पप्पा म्हणाले, "शाळा काय, सगळीकडं सारखीच असती." मला हे सगळं तेव्हाच कळत होतं. पोरांना काही कळत नाही असं मोठी माणसं धरून चालतात, ते त्यांच्या सोयीचं असतं.

वर्गात माझ्यासकट अकरा जण. मी दारात आले की बोलणं थांबायचं. कुणी वाईट वागत नव्हतं, उलट सगळे जरा जास्तच नीट वागायचे. बसायला जागा करून द्यायचे, पेन्सिल मागितली की लगेच द्यायचे. पण कोण कुणाच्या शेतातल्या बोरी झोडायला जाणार, कुणाच्या घरी काय भांडण झालं, हे माझ्यासमोर कुणी बोलत नसे. "सरची आली" एवढं म्हटलं की सगळ्यांना समजायचं. खेळात मला घ्यायचे, पण कच्चा लिंबू म्हणून. म्हणजे मी बाद झाले तरी बाद नाही आणि कुणाला बाद केलं तरी ते धरायचं नाही. लहान भावंडांना कडेवरून खाली उतरवल्यावर जसं खेळात घेतात तसं. मी दहा वर्षांची होते आणि माझी धाव त्यांच्यातल्या निम्म्या पोरांपेक्षा चांगली होती.

दुपारी सगळी पोरं व्हरांड्यात रांगेने बसून खिचडी खायची. मी ऑफिसात पप्पांच्या डब्यातली पोळीभाजी खायची. खिडकीतून व्हरांड्याचं एक टोक दिसायचं. मला खिचडीची काही आवड नव्हती, आजही नाही. पण त्या रांगेत बसायला मिळावं म्हणून मी काहीही दिलं असतं, आणि पुढे दिलंही.

सहावीत असताना एकदा खरोखरच माझा गृहपाठ राहिला. आदल्या दिवशी आम्ही आजोळी लग्नाला गेलो होतो. पप्पा पण होतेच लग्नात, त्यांनी माझ्यासमोर बसून जिलेबी खाल्ली होती. सकाळी हापसा ओलांडून ते सर झाले आणि वर्गात येऊन म्हणाले, "गणितं ज्यांनी केली नाहीत ते उभे राहा." सात जण उभे राहिले. कापूस वेचणीचे दिवस होते, पोरं आईबापांबरोबर दिवस मावळेपर्यंत रानात असायची. त्या सातांत मी आठवी उभी राहिले. दारावरून दुसरे सर चालले होते. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि हसत म्हणाले, "काय सर, दिव्याखाली अंधार?"

मला वाटतं ते तसं म्हणाले नसते तर पप्पांनी सगळ्यांना दटावून सोडून दिलं असतं. कोण जाणे. मारायला बंदी आलेली होती, पण ती कागदावर. निरगुडीचा फोक कपाटाच्या मागे कायम असायचा, आणि तो पोरांनीच तोडून आणलेला असायचा. पप्पांनी फोक काढला आणि मला पहिल्यांदा बोलावलं. "कोणता हात?" ते सगळ्यांनाच असं विचारायचे. मी उजवा पुढे केला. दोन बसले. इतक्या जोरात की वर्गात कुणाच्या तरी तोंडून आवाज निघाला, तो माझ्या तोंडून नव्हता. मग बाकीचे सात जण एकेक पुढे आले आणि त्यांच्या हातावर फोक नुसता टेकत गेला.

संध्याकाळी हापसा मागे गेल्यावर पप्पांनी विचारलं, "दुखलं का?"

मी म्हणाले, "नाही."

दुखत होतंच. पण सरांनी मारलेलं पप्पांना कसं सांगायचं, ते मला कळत नव्हतं. झरीच्या स्टँडवर त्यांनी गाडी थांबवली आणि मला खारी घेऊन दिली. मी ती डाव्या हाताने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसणारी पोरगी ऑफिसच्या दाराशी आली. ती वर्गातली सगळ्यात धीट होती. कोणता खेळ खेळायचा ते तीच ठरवायची आणि सगळे तिचं ऐकायचे. तिने मला बाहेर बोलावलं.

"हात दाखव."

मी दाखवला. तिने अंगठ्याने तळहात दाबून बघितला, आमच्या आळीतल्या बाया वांगी घेताना दाबून बघतात तसा.

"लय जोरात मारलं तुला. आमाला तर काईच लागलं न्हाई." मग म्हणाली, "कामून खायलीस हितं एकटी? ताट आण उद्या."

घरी मी आईकडे ताट मागितलं. तिने जे दिलं त्याच्यावर पप्पांचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या आहेरातलं ताट होतं ते. मी त्या नावावर बरोबर खिचडी पडेल असं ताट धरायची आणि तो भाग शेवटपर्यंत खायची नाही.

पुढच्या आठवड्यात परत गृहपाठ राहिलेले पाच जण निघाले. माझा झालेला होता. उभं राहायच्या आधी त्या पोरीने माझ्याकडे बघितलं. तोंडाने काही बोलली नाही, नुसतं बघितलं. मी वही दप्तरात सरकवली आणि उभी राहिले. पप्पांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मला पहिले दोन बसले, जोरात. बाकीच्यांना टेकवले.

सुट्टीत ती म्हणाली, "पहिलं तुला बसलं की सरचा हातच ढिला पडतो. तू म्होरं राहत जा."

असं ते सुरू झालं. कुणी जबरदस्ती केली नाही, शप्पथ घ्यायला लावली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी अक्षरशः केलं, आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. त्याच्या बदल्यात मला सगळं मिळालं. मी कच्चा लिंबू राहिले नाही. बाद झाले की "बाद, बाद" म्हणून ओरडायचे आणि मला इतका आनंद व्हायचा की मी मुद्दाम जरा उशिरा बाहेर जायची. बोरी झोडायला मला नेलं. कोण कुणाच्या बहिणीबद्दल काय बोललं ते मला सांगितलं. फोक बसायच्या आधी तळहातावर डोक्याचा केस ठेवला की फोक मोडतो, हेही त्यांनी मला शिकवलं. मी कितीतरी केस ठेवले. फोक एकदाही मोडला नाही.

दुखणं मात्र लवकरच बंद झालं. समोरच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. मी हात पुढे केला की नकाशावरची गावं डावीकडून उजवीकडे वाचायला लागायची. पाथरी, मानवत, परभणी, पूर्णा. पूर्णेपर्यंत पोचले की दोन्ही बसून झालेले असायचे. हात माझ्या खांद्याला होता एवढंच, बाकी तो कुणाचा तरी होता. जागेवर येऊन बसले की मी पुस्तक उघडायची आणि पुढचा धडा वाचायची. रडू यायचं नाही. रागही यायचा नाही. घरी आई कधी डोक्यावरून हात फिरवायची तेव्हाही काही वाटायचं नाही, एवढं मात्र मला थोडं विचित्र वाटायचं.

तुम्ही म्हणाल, बापाच्या लक्षात कसं आलं नाही. पप्पा घरी माझा अभ्यास घ्यायचे नाहीत, तोही नियमाचाच भाग. घरी ते सर नव्हते. आई मला अभ्यासाला बसवायची आणि पप्पा बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसायचे. शाळेत दर आठवड्याला उभी राहणारी पोरगी घरी रोज लिहीत बसते, हे त्यांनी पाहिलं नसेल असं नाही. पण हापशाच्या अलीकडचं पलीकडे न्यायचं नाही, हे ते माझ्यापेक्षा कडक पाळत होते.

सातवीत दिवाळीनंतर शाळेची तपासणी येणार असं कळलं. पप्पांनी वर्गाच्या सगळ्या वह्या पिशवीत भरून घरी आणल्या. फोक त्या दिवसांत कपाटामागूनही नाहीसा झाला होता. संध्याकाळी ते सतरंजीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले, लाल पेनने भराभर बरोबर-चूक करत होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर शेंगा सोलत होते. माझी वही मधे कुठेतरी होती. ती वर आली. त्यांनी पान उलटलं, मग मागचं बघितलं, मग परत पुढचं. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात तारीख टाकायची ही त्यांचीच शिस्त होती. माझ्या वहीत एकही दिवस रिकामा नव्हता.

त्यांचा पेन थांबला.

"इकडं ये."

मी गेले. शेंगांची टरफलं फ्रॉकला चिकटली होती.

"हे ज्या दिवसाचं त्याच दिवशी लिहिलंस?"

"हो सर."

आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापायचा आवाज बंद झाला. मी काय बोलून गेले ते मला एक क्षण उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी ते दुरुस्त केलं नाही. मुद्दाम केलं नाही असंही नाही आणि चुकून राहिलं असंही नाही. मला खरंच समोर सरच बसलेले दिसत होते.

पप्पांनी वहीच्या प्रत्येक पानावर सही केली. घाईत नाही, एकेक पान उलटून. मग वही गठ्ठ्यात ठेवली आणि पुढची घेतली. जेवताना ते नेहमीसारखं जेवले.

दुसऱ्या दिवशी हापशाजवळ गाडीचा वेग कमी झाला नाही. संध्याकाळीही झाला नाही. "इथून पुढं सर" हे मी त्यानंतर कधी ऐकलं नाही आणि "आता बोल" हेही नाही. माझी अडचण अशी झाली की आता त्यांना कुठे काय म्हणायचं ते ठरवणारं कुणी राहिलं नाही. मग मी काहीच म्हणायचं सोडून दिलं. काही हवं असलं की जवळ जाऊन उभी राहायची. ते मान वर करून बघायचे आणि मी सांगायची.

तपासणी झाली, पण फोक परत आला नाही. गृहपाठ न केलेल्यांना पप्पा मधल्या सुट्टीत वर्गात बसवून पाच पाच वेळा लिहायला लावू लागले. खेळ बुडायला लागला, खिचडी गार व्हायला लागली. पोरांच्या दृष्टीने आगीतून फुफाट्यात. फोक अर्ध्या मिनिटात संपायचा, हे संपता संपत नव्हतं. चौथ्या दिवशी ती धीट पोरगी माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तूच सांगितलंस ना घरी?"

"मी काही सांगितलं नाही."

"मग सरला कसं कळलं? सपनात आलं का?"

मला सांगता आलं असतं. वह्या घरी नेल्या, तारखा बघितल्या, एवढीच गोष्ट होती. पण त्यांच्यासाठी मी काय केलं ते त्यांना आधीच माहीत होतं, आणि तरी ती विचारत होती. म्हणून मी गप्प बसले. ती निघून गेली. त्या दुपारी मी ताट घेऊन रांगेत बसले तेव्हा कुणी उठून गेलं नाही, पण बोलणं थांबलं. दोन दिवसांनी लगोरीत चेंडू माझ्या पाठीत बसला. मी बाद होऊन बाजूला चालले होते. कुणीतरी म्हणालं, "राहू दे गं, खेळ तू." मी परत कच्चा लिंबू झाले होते. सातवी संपेपर्यंत मला कुणी बाद केलं नाही.

आठवीला मी परभणीच्या शाळेत गेले. रोज एसटीने जायचं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, मी कुणाचीच पोरगी नव्हते. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या मॅडमनी विचारलं, "होमवर्क कुणी केलं नाही?" मागच्या बाकावरची तीन पोरं उभी राहिली. आणि मीही. मी केलेलं होतं. वही समोर उघडी होती. पाय आपोआप उठले, आणि उठल्यावर मी उजवा हातही पुढे केला, तळवा वर करून.

मॅडम माझ्यापर्यंत आल्या, वहीत बघितलं. "अगं, तुझं तर पूर्ण आहे. उभी कशाला राहिलीस? आणि हात कशाला?"

वर्ग हसला. चांगलाच हसला. माझ्या शेजारच्या पोरीने माझा हात धरून खाली घेतला आणि हळूच म्हणाली, "बस ना. येडी हायस का?"

मी बसले. पुढच्या वेळी मॅडमनी तेच विचारलं तेव्हा मी दोन्ही हातांनी बाकाची फळी धरून ठेवली. आजूबाजूची पाच-सहा पोरं उठली आणि मी बसून राहिले. एवढं अवघड काम मी त्याआधी केलं नव्हतं. आपण त्यांच्यातले नाही, आपला अभ्यास झालेला आहे आणि आपल्याला बसायचा हक्क आहे, एवढं साधं गणित माझ्या अंगात उतरायला आठवीचं अर्धं वर्ष गेलं. त्या वर्षी माझ्या मैत्रिणी झाल्या. कमी झाल्या, पण त्यातल्या एकीलाही मी कशाच्या बदल्यात विकत घेतलं नव्हतं.

आता मी परभणीतच रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर माणसं माझ्यापुढे हात धरतात. काही जण तोंड फिरवतात, काही जण सुईकडेच टक लावून बघतात. पप्पा गेल्या वर्षी रिटायर झाले. मागच्या महिन्यात त्यांची साखर तपासायची होती. मी सांगितलं होतं की घरीच रक्त काढून नेते. पण ते आले, नंबर घेतला आणि बाकावर इतरांबरोबर बसले. मी बोलावेपर्यंत तिकडून हलले नाहीत. नंबर आल्यावर खुर्चीत येऊन बाही वर सारली.

मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं. "कोणता हात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात पुढे केला, ताठ, तळवा वर करून. मी पट्टा बांधला. त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावली. त्यांचे ओठ अगदी थोडे हलत होते, तारखा वाचत असावेत. मी सुई घातली, नळी भरली, कापूस लावला आणि त्यांचा हात कोपरात दुमडून दिला.

"दुखलं का?"

"नाही मॅडम," ते म्हणाले. चेष्टेने नाही. कामाच्या जागी जे म्हणायचं असतं ते.

मागे पाच माणसं बसली होती. त्यांना हे माझे वडील आहेत हे माहीत नव्हतं.

"पप्पा," मी म्हणाले, "दुखलं तर दुखलं म्हणावं."

ते उठले नाहीत. दुमडलेला हात दुसऱ्या हाताने धरून तसेच बसून राहिले. बाकावरच्या माणसाने विचारलं, "येऊ का पुढं?"

मी म्हणाले, "थांबा जरा."